न पाहिलेल्या गावाचं गाणं

ओहायो नदीच्या काठी, वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या उत्तरेकडच्या चिंचोळ्या पट्टीत व्हीलिंग हे गाव आहे. एके काळी ते खिळे, पोलाद आणि सिगार यांसाठी ओळखलं जाई. १९२६ साली तिथं डब्ल्यूडब्ल्यूव्हीए हे रेडिओ केंद्र सुरू झालं आणि १९३३पासून शनिवारी रात्री तिथून ‘जांबोरी’ नावाचा कंट्री संगीताचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला. १९४२मध्ये केंद्राची ताकद ५० हजार वॅटवर गेली. मध्यम लहरी दिवसा फार लांब पोचत नाहीत; रात्र पडली की मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून त्या शेकडो मैलांवर उतरतात. त्यामुळे अंधार झाला की व्हीलिंगचं फिडल आणि बँजो पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क, सगळं न्यू इंग्लंड ओलांडून कॅनडाच्या पूर्व भागापर्यंत जाई.

या दूरच्या श्रोत्यांमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा बिल डॅनॉफ नावाचा मुलगा होता. वेस्ट व्हर्जिनिया त्याने पाहिलं नव्हतं. ते राज्य आपल्याला युरोपाइतकंच लांबचं आणि अद्भुत वाटायचं, असं त्याने पुढे मोठेपणी सांगितलं. जगभर गायल्या गेलेल्या ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ या गाण्याचा उगम मला या रात्रीच्या रेडिओत दिसतो. या गाण्यावर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या भूगोलातल्या चुका काढतात आणि लिहिणाऱ्यांनी ते राज्य पाहिलंसुद्धा नव्हतं, ही गोष्ट गंमत म्हणून सांगून पुढे जातात. माझ्या मते गाणं पन्नास वर्षांहून अधिक का टिकलं, याचं उत्तर त्या गोष्टीतच आहे.

पण आधी ते राज्य पाहू. यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, २० जून १८६३ रोजी व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग फुटून वेगळा झाला आणि वेस्ट व्हर्जिनिया जन्माला आलं. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या पोटात कोळसा होता आणि पुढची शंभर वर्षं त्या कोळशानेच राज्याचं नशीब लिहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या खाणींत सव्वा लाखाच्या आसपास माणसं कामाला होती. मग कोळसा सलग कापत नेणारी यंत्रं आली, रेल्वेची इंजिनं डिझेलवर गेली, घरांच्या शेगड्या तेलावर आणि गॅसवर चालू लागल्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खाणकामगारांची संख्या ५० हजारांच्या आत आली. १९५०च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या २० लाख ५ हजार होती. १९७०मध्ये ती १७ लाख ४४ हजार उरली. सगळा देश फुगत असताना हे राज्य रिकामं होत होतं.

माणसं गेली ती उत्तरेला: ओहायोत, मिशिगनमध्ये, मोटारींच्या आणि टायरच्या कारखान्यांत. टायरचं शहर असलेल्या अ‍ॅक्रनमध्ये इतके वेस्ट व्हर्जिनियन जमले, की लोक त्या शहरालाच वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी म्हणत. शाळेत तीनच गोष्टी शिकवतात, वाचन, लेखन आणि अ‍ॅक्रनची वाट, असं डोंगरातली माणसं एकमेकांत बोलत. शुक्रवारी पाळी सुटली की मोटारी दक्षिणेकडे वळत. रात्रभर गाडी हाकून आईबापांच्या दारात उतरायचं, दोन दिवस राहायचं आणि रविवारी परत निघायचं. मुंबईच्या गिरण्यांतल्या कोकणी चाकरमान्यांना हे जगणं वेगळं सांगायला लागलं नसतं. या मंडळींच्या गाडीतही रात्री रेडिओ चालू असे. स्प्रिंगफील्डच्या मुलाला ज्या लहरी परक्या मुलखाची हाक वाटत, त्याच अ‍ॅक्रनमधल्या कामगाराला घरचा आवाज ऐकवत. एकाने ते गाव कधी पाहिलं नव्हतं, दुसऱ्याचं ते सुटलं होतं. दोघांच्याही हाती उरला होता तो फक्त आवाज.

डॅनॉफ शिकायला वॉशिंग्टनला आला. जॉर्जटाऊन भागात ‘सेलर डोअर’ नावाची एक छोटी गाण्याची जागा होती. तिथं त्याने आधी दिव्यांचं नि आवाजाचं काम पाहिलं. टॅफी निवर्ट ही त्याची गाण्यातली जोडीदार, पुढे त्याची पत्नीही झाली. ‘फॅट सिटी’ या नावाने दोघं गात. १९७०मध्ये टॅफीच्या नातेवाइकांच्या मेळाव्याला जाताना ते मेरीलँडमधल्या क्लॉपर रोडवरून निघाले होते. तेव्हा तो शेतांमधून वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता होता. आज तिथं वॉशिंग्टनची उपनगरं पसरली आहेत. गाडी चालवता चालवता डॅनॉफला ओळी सुचू लागल्या. रस्ता मेरीलँडचा होता, गाण्यात मात्र आपल्या मॅसॅच्युसेट्सचं नाव घालावं असंही त्याच्या मनात आलं. शेवटी वेस्ट व्हर्जिनिया आलं, कारण ते चालीत नीट बसत होतं. सेलर डोअरला येणाऱ्यांमध्ये त्या राज्यातल्या शेतावर एकत्र राहणारी काही तरुण मंडळी होती. शिवाय तिथल्याच बेकली गावचा नट ख्रिस सॅरँडन त्याचा मित्र होता. त्यांच्या गप्पांतून राज्याचं चित्र आणखी भरत गेलं. गाणं अर्धं होऊन पडलं होतं. पुरं झालं तर ते जॉनी कॅशला द्यावं, असा डॅनॉफ आणि टॅफीचा विचार होता. कॅशने ते गायलं असतं तर गाण्याला वेगळाच भारदस्तपणा आला असता. पण मला वाटतं, मग ते कॅशचं गाणं झालं असतं आणि लोकांनी ते ऐकलं असतं. सगळ्यांनी मिळून मोठ्याने गायचं गाणं ते झालं असतं का, याची मला शंका आहे.

ते जॉन डेन्व्हरकडे गेलं. त्याचं खरं नाव हेन्री जॉन डॉइचेनडॉर्फ. जन्म ३१ डिसेंबर १९४३चा, न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलचा. वडील हवाई दलात वैमानिक, त्यामुळे बालपण अ‍ॅरिझोना, अलाबामा, टेक्सस असं बदल्यांमागे फिरण्यात गेलं. मूळ आडनाव रंगमंचावर चालणार नाही म्हणून त्याने कोलोरॅडोच्या राजधानीचं नाव घेतलं, तेव्हा तो तिथं राहतही नव्हता. १९६६मध्ये त्याने विमानाने निघून जाणाऱ्या प्रियकराचं ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ लिहिलं होतं. पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने गायलेलं ते गाणं १९६९च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे निरोपाच्या गाण्याने त्याचं नाव झालं होतं आणि स्वतःचं म्हणावं असं गाव त्याला कधी मिळालं नव्हतं. घराच्या ओढीचं गाणं या माणसाच्या हाती यावं, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्याचं घर जागच्या जागी असतं, त्याला ते इतक्या कळकळीने मागावं लागत नाही.

१९७०च्या नाताळानंतरच्या आठवड्यात डेन्व्हर सेलर डोअरला गात होता आणि त्याच्या आधी फॅट सिटीचा कार्यक्रम असे. एका रात्री कार्यक्रम संपल्यावर सगळे डॅनॉफ आणि निवर्ट यांच्या घरी निघाले असताना वाटेत मोटारीला अपघात झाला आणि डेन्व्हरचा अंगठा मोडला. रुग्णालयातून अंगठा बांधून तो त्यांच्याकडे आलाच. तिथं त्याने अर्धवट गाणं ऐकलं आणि हे मलाच हवं म्हणून हट्ट धरला. तिघांनी पहाटेपर्यंत बसून ते पुरं केलं. त्यानंतर लगेचच, ३० डिसेंबरला, कागदावरचे शब्द वाचत त्यांनी ते प्रेक्षकांसमोर गायलं. लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात.

नव्या वर्षाच्या जानेवारीत न्यू यॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं. निर्माते होते मिल्टन ओकन आणि सुझन रस्किन. एरिक वाइसबर्गने बँजो आणि स्टील गिटार वाजवली, फॅट सिटीने मागचे आवाज दिले. गाण्याची बांधणी साधी आहे. गिटार शिकायला लागून महिना झालेला माणूसही त्याचे कॉर्ड धरू शकतो. ध्रुवपदातले स्वर लांब ओढता येतात, त्यामुळे गळा तयार नसलेल्यांनाही सामील होता येतं. पण खरी कारागिरी मधल्या कडव्यात आहे. तिथं गाणं उदास कॉर्डवर उतरतं, मग पट्टीबाहेरचा एक कॉर्ड अचानक येतो आणि क्षणभर पायाखालची जमीन हलते. हे कडवं कशाबद्दल आहे? सकाळी ऐकू येणाऱ्या हाकेबद्दल, गाडीतल्या रेडिओबद्दल आणि आपण कालच घरी असायला हवं होतं या जाणिवेबद्दल. गाण्यात बाकी डोंगर, नदी, खाण, गावठी दारू हे सगळं चित्रासारखं आहे. अनुभवाचं असं जे काही आहे, ते या रेडिओत आहे. डॅनॉफला वेस्ट व्हर्जिनियाबद्दल स्वतःच्या आयुष्यातून माहीत असलेली गोष्ट हीच होती.

१९७१च्या वसंतात तबकडी बाजारात आली. आठवडे गेले, गाणं मुंगीच्या पावलाने वर चढत होतं. आरसीए कंपनीने आता याच्यामागे लागण्यात अर्थ नाही असं डेन्व्हरला कळवलं. त्याने ऐकलं नाही, जोर लावा म्हणाला. ऑगस्टमध्ये तबकडी दहा लाखांवर खपली आणि बिलबोर्डच्या यादीत गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. वर बी जीज होते, म्हणून पहिलं स्थान हुकलं. कंट्री संगीताच्या यादीत मात्र ते जेमतेम पन्नासाव्या क्रमांकावर गेलं. ज्या गाण्याला आज जग कंट्री संगीताचा चेहरा मानतं, त्याला तेव्हा कंट्रीच्या घरात ओसरीवरच बसवलं गेलं. नॅशव्हिलच्या जुन्या मंडळींना हा चष्मेवाला, गोड गळ्याचा शहरी गायक आपला वाटत नव्हता. ऑक्टोबर १९७५मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा किताब डेन्व्हरला मिळाला, तेव्हा विजेत्याचं नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिचने लायटर काढून त्या नावाचा कागद व्यासपीठावरच पेटवला. त्याने ते का केलं यावर अजून वाद चालतात. डेन्व्हरवरचा राग त्या ज्वाळेत अनेकांनी पाहिला, एवढं खरं.

आता भूगोल. गाण्यात आलेला ब्लू रिज डोंगर आणि शेनँडोआ नदी यांचा मोठा भाग शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्व टोकाला, हार्पर्स फेरीजवळ, ते दोन्ही जरासे स्पर्श करतात. तिथं शेनँडोआ पोटोमॅकला मिळते. राज्याच्या बाकीच्या भागात, कोळशाच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत, यातलं काहीच दिसत नाही. त्याहून मोठी उणीव दुसरी आहे. २० नोव्हेंबर १९६८ला फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. पुढच्याच फेब्रुवारीत फुफ्फुसं काळी करणाऱ्या आजाराला भरपाई मिळावी म्हणून राज्यातल्या ४० हजारांहून अधिक खाणकामगारांनी संप केला. गाणं आलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १९७२ रोजी, बफेलो क्रीकच्या वरचा कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसं वाहून गेली. गाण्यात खाणकामगाराची बायको आहे, डोळ्यांतलं पाणी आहे; या मरणांची सावली मात्र नाही.

या बाजूने गाण्यावर टीका करणाऱ्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. मर्सर काउंटीतल्या खाणकामगारांच्या घरात वाढलेली आणि पोटासाठी बाल्टिमोरच्या कारखान्यात गेलेली हेझल डिकन्स ही गायिका त्याच मातीतली. तिने ‘ब्लॅक लंग’ लिहिलं ते याच आजाराने गेलेल्या भावासाठी, आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया, माय होम’ लिहिलं ते सुटलेल्या गावासाठी. तिच्या आवाजात कोळशाची धूळ आहे. डेन्व्हरच्या गाण्यात ती शोधूनही सापडणार नाही. तरी वेस्ट व्हर्जिनियाच्या लोकांनी हेझलला मान दिला आणि डेन्व्हरचं गाणंही कवटाळलं, यात मला विसंगती वाटत नाही. बाहेरच्या जगात त्यांच्या राज्याचं नाव निघे ते गरिबीच्या बातम्यांत, नाहीतर डोंगरी गावंढळांच्या विनोदांत. असंख्य लोकांना ते व्हर्जिनियाहून वेगळं राज्य आहे हेही ठाऊक नसे. अशा वेळी देशातल्या प्रत्येक रेडिओवरून कुणीतरी त्या नावाला स्वर्गाच्या जवळपास नेऊन बसवत होतं. इतकी वर्षं हिणवलं गेलेलं नाव असं आळवलं गेलेलं ऐकताना तिथल्या माणसांच्या मनात काय दाटून आलं असेल, ते समजण्यासाठी नकाशा काढून बसायची गरज नाही.

१९७२पासून मॉर्गनटाऊनच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या घरच्या मैदानावर फुटबॉल सामन्याआधी हे गाणं वाजू लागलं. ६ सप्टेंबर १९८० रोजी नव्या मैदानाचं उद्घाटन झालं, तेव्हा डेन्व्हर स्वतः आला आणि हजारोंच्या गर्दीबरोबर गायला. आता सामना जिंकला की खेळाडू आणि प्रेक्षक जागच्या जागी थांबून, खांद्यावर हात टाकून ते गातात. जुलै २०१०मध्ये पन्नासहून अधिक वर्षं सिनेटमध्ये राज्याचं प्रतिनिधित्व केलेल्या रॉबर्ट बर्ड यांना चार्ल्स्टनच्या विधानभवनापाशी निरोप देताना हेच वाजलं. मार्च २०१४मध्ये ते अधिकृत राज्यगीत झालं. आधीची तीन राज्यगीतं होतीच, हे चौथं. सरकारी शिक्का चाळीस वर्षं उशिरा आला, कारण त्याची वाट कुणी पाहिलीच नव्हती. २०२३मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्राने जपायच्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली. डेन्व्हर हे पाहायला नव्हता. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, स्वतः चालवत असलेलं छोटं विमान कॅलिफोर्नियाजवळ माँटेरेच्या उपसागरात कोसळून तो गेला.

राज्याबाहेर या गाण्याचं जे झालं, ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. जमैकात टूट्स अँड द मेटल्सने सत्तरच्या दशकात ते रेगेच्या ठेक्यावर घेतलं आणि वेस्ट व्हर्जिनिया काढून त्या जागी पश्चिम जमैका बसवला. पोटासाठी लंडन आणि न्यू यॉर्कला पांगलेल्या त्या बेटावरच्या माणसांना गाणं अंगचं असल्यासारखं बसलं. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनने १९७३मध्ये ब्रिटनमध्ये ते लोकप्रिय केलं. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये बिअरचे तंबू ते एका सुरात गातात. गाण्यातलं राज्याचं नाव काढून दुसरं घातलं तरी गाणं मोडत नाही, आणि हे बाहेरून लिहिल्यामुळेच शक्य झालं असं मला वाटतं. हेझल डिकन्सच्या गाण्यातून वेस्ट व्हर्जिनिया काढता येणार नाही, ते तिच्या हाडांत आहे. डॅनॉफने मात्र एका रिकाम्या चौकटीत ते नाव ठेवलं होतं. नुसतं ऐकलेलं गाव, तपशील थोडे, ओढ फार.

१९९५मध्ये जपानच्या जिबली स्टुडिओचा योशिफुमी कोन्दो दिग्दर्शित ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ हा चित्रपट आला. पटकथा हायाओ मियाझाकी यांची. त्यातली शिझुकू ही शाळकरी मुलगी या गाण्याचं जपानी रूपांतर करते. ती राहते टोकियोच्या पश्चिमेला, टामा भागात, जिथल्या टेकड्या कापून वसाहती उभ्या राहिल्या. म्हणून ती आधी एक खट्याळ विडंबन लिहिते. त्यात रानवाटेऐवजी काँक्रीटचा रस्ता आहे, कारण तिला ठाऊक असलेलं गाव तेच. मग ती खरं रूपांतर करते आणि त्यात मूळ गाण्याचा अर्थच फिरतो. या जपानी गाण्यातली व्यक्ती एकटीच घर सोडून निघाली आहे. तिला घराची आठवण येते, ही वाट त्या गावाला जाते हेही तिला माहीत आहे, पण ती परतायचं नाही असं ठरवते आणि वाटेचा निरोप घेते.

पहिल्यांदा हे कळतं तेव्हा धक्का बसतो. पण मूळ गाणं या कानांनी पुन्हा ऐकावं. त्यातही गाणारा कुठेच घरी पोचलेला नाही. तो गाडीत आहे, रेडिओ चालू आहे, वाटेला विनवणं चाललं आहे आणि तेवढ्यात गाणं संपतं. दार, ओटा, स्वागताला आलेलं माणूस, यांतलं काहीच त्यात नाही. अ‍ॅक्रनला गेलेल्यांपैकी बहुतेक जण तिथंच राहिले. त्यांची मुलं ओहायोची झाली. २०२०च्या जनगणनेत वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या १७ लाख ९३ हजार भरली आणि १९५०पेक्षा कमी माणसं असलेलं ते अमेरिकेतलं एकमेव राज्य ठरलं. मॉर्गनटाऊनच्या मैदानावर गळा काढून गाणाऱ्या विद्यार्थ्यांतले कितीतरी पदवी हातात पडल्यावर नोकरीसाठी राज्याबाहेर जातात, आणि जाताना हे गाणं बरोबर नेतात.